मूल जिथं अडलंय तिथून

चौथीतल्या एका मुलाची गणिताची वही माझ्यासमोर होती. आठ वजाबाक्या, त्यातल्या सात चुकलेल्या. लाल शाईच्या सात फुल्या आणि खाली शेरा : ‘सराव कमी आहे.’ आई शेजारीच बसली होती. म्हणाली, “रोज तासभर बसवते हो याला. तरी डोक्यात शिरतच नाही.”

मी उत्तरं पाहिली. ६३ वजा २८, उत्तर ४५. ४०२ वजा १७८, उत्तर ३७६. ५०० वजा १३६, उत्तर ४३६. बरोबर आलेलं गणित एकच : ८५ वजा ३२, उत्तर ५३. मी त्याला म्हटलं, “हे ६३ वजा २८ मला परत करून दाखव. मनातलं सगळं मोठ्यानं बोल.” त्यानं पेन्सिल घेतली. “आठातून तीन गेले, पाच. सहातून दोन गेले, चार. पंचेचाळीस.” कुठंही न अडखळता.

त्याची रीत अगदी पक्की होती. वर काय, खाली काय, बघायचं नाही. मोठ्यातून लहान घालवायचा. कधीतरी खालच्या इयत्तेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही. तो नियम त्यानं इमानानं पाळला होता, सातही गणितांत. जिथं हातचा लागत नव्हता ते एकच गणित त्यामुळे बरोबर आलं. सराव मुळीच कमी नव्हता. चुकीच्या रीतीचाच सराव रोज तासभर चालला होता.

१९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या अशा चुकांवर एक निबंध लिहिला. मुलांची चुकीची उत्तरं त्यांनी बारकाईनं तपासली, आणि त्यांतल्या कितीतरी चुका निष्काळजीपणाच्या नाहीत असं त्यांना आढळलं. मूल एक ठरावीक, पण सदोष रीत सातत्यानं वापरत असतं. ती रीत ओळखली की पुढच्या गणितात ते मूल काय उत्तर देईल हेसुद्धा आधी सांगता येतं. शिक्षकांना चुकांमागची रीत शोधायची सवय लागावी म्हणून त्यांनी संगणकावर एक खेळही तयार केला. या गोष्टीला आता जवळपास पन्नास वर्षं होत आली, तरी वहीवर फुली मारून पान उलटायची आपली सवय गेलेली नाही. फुली फक्त ‘चुकलं’ एवढंच सांगते. काय चुकलं ते शोधायला मुलाशेजारी पाच मिनिटं बसावं लागतं, आणि ती पाच मिनिटं कुणाकडेच नसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आपण मदत करतो ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी करतो. पाचवीतल्या मुलाचं गाडं दुसरीत अडलेलं असतं आणि आपण त्याला पाचवीचाच धडा दुप्पट वेळ शिकवतो. शाळेत एकदा, शिकवणीत एकदा आणि रात्री घरी रागावून एकदा. एकच धडा तीनदा कानावर पडतो आणि तिन्ही वेळा तो त्याच्यासाठी तितकाच परका असतो. खेळ बंद होतो, झोप कमी होते, आणि महिनाभरानं सगळे एकमतानं ठरवतात की मुलाला गतीच नाही.

गती या शब्दाचा विचार करू. १९६३ मध्ये जॉन कॅरल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं शालेय शिक्षणाबद्दल एक साधी मांडणी केली. एखाद्या विषयातली कुवत म्हणजे तो विषय येईपर्यंत त्या मुलाला लागणारा वेळ, असं त्यानं म्हटलं. कुणाला भागाकार चार दिवसांत येतो, कुणाला चार आठवडे लागतात. शाळा मात्र दोघांनाही आठ दिवस देते आणि नवव्या दिवशी अपूर्णांक सुरू करते. ज्याचा भागाकार अर्धाच झालाय त्याला अपूर्णांक पावही कळत नाहीत, आणि पुढं दशांश, टक्केवारी, बीजगणित हे सगळं त्या पाव समजुतीवर उभं राहतं. आपण वेळ सगळ्यांना सारखा देतो म्हणून शिकणं कमी-जास्त होतं. शिकणं सगळ्यांचं पुरं व्हायला हवं असेल तर वेळ कमी-जास्त द्यावा लागेल. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी पुढं याच धाग्यावर आपली शिकवण्याची पद्धत बांधली : एक घटक पक्का झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि ज्याचा झाला नाही त्याला तोच घटक वेगळ्या रीतीनं पुन्हा. इतकी सरळ गोष्ट वेळापत्रकात बसत नाही म्हणून ती अव्यवहार्य ठरवली जाते. वेळापत्रक बदलता येतं, हे मात्र कुणी बोलत नाही.

वाचनाचं तर याहून कठीण आहे, कारण वाचन अडलं की एक विषय अडत नाही, सगळेच अडतात. इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच समजायचं असतं. मी मुलांना वाचताना ऐकत आलो आहे. ‘प्रार्थनेनंतर सर्व विद्यार्थी वर्गात गेले’ एवढं वाक्य. मूल ‘प’वर थांबतं, मग पायातला र दिसतो, मग काना. ‘प्रा’. मग ‘थ’वरचा रफार. हा र लिहिलाय थ च्या डोक्यावर, पण वाचायचा थ च्या आधी. ‘प्रा… थ… र्थ… ने’. ‘विद्यार्थी’शी पुन्हा तीच झटापट. शेवटच्या शब्दाशी पोहोचेपर्यंत पहिला शब्द निसटून गेलेला असतो. ‘कोण कुठं गेलं?’ असं विचारलं की ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. आपल्याला वाटतं, समजत नाही. खरं तर त्याच्या डोक्यातली सगळी जागा अक्षरं जुळवण्यातच खर्च झालेली असते, अर्थासाठी काही उरलेलंच नसतं.

हे तपासायला मोठी चाचणी लागत नाही. तोच उतारा आपण त्याला वाचून दाखवायचा आणि मग प्रश्न विचारायचे. उत्तरं फटाफट आली तर समज ठीक आहे, अडचण अक्षर ओळखण्यात आणि जुळवण्यात आहे. ऐकूनही उत्तरं आली नाहीत, तर शब्दसंपत्ती, भाषा किंवा त्या विषयाची ओळख यांकडे वळायला हवं. एखाद्या मुलाची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असते आणि ते बिचारं दोन पायऱ्या एकदम चढत असतं. या दोन मुलांना लागणारी मदत अगदी वेगळी आहे. गुणपत्रिकेवर मात्र दोघांनाही शंभरपैकी तीसच पडतात.

आणि थांबून चालत नाही. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली वाचनातली ही दरी कशी वाढत जाते ते दाखवलं. ज्याला वाचता येतं ते आवडीनं वाचतं, वाचल्यानं नवे शब्द मिळतात, शब्द मिळाल्यानं पुढचं वाचन सोपं होतं. ज्याला जमत नाही ते पुस्तक टाळतं, आणि टाळल्यानं आणखी मागे राहतं. पहिलीत या दोघांत थोडंसंच अंतर असतं, सातवीत ते डोंगराएवढं होतं. म्हणून ‘मोठं झालं की आपोआप येईल’ हा धीर ऐकायला बरा वाटला तरी वाचनाच्या बाबतीत तो बहुधा महागात पडतो.

आता ज्याचं अडणं जन्मजात जडणघडणीत आहे त्याच्याबद्दल. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात चपळ. पण वर्षानुवर्षं शिकवूनही वाचता येत नव्हतं. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे : सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो त्याचं ते लहान मुलातलं फार जुनं वर्णन आहे. त्या मास्तरांना मी मनातून मानतो. मुलाला वाचता येत नसतानाही त्याची हुशारी त्यांना दिसली होती. डिस्लेक्सिया असलेली मुलंही वाचायला शिकतात. आवाज आणि अक्षर यांचं नातं त्यांना क्रमानं, उघड करून, भरपूर वेळ देऊन शिकवावं लागतं. अंकांशीच झगडणारी, लक्ष एका जागी ठेवणं कठीण जाणारी मुलंही असतात. अशी शंका आली तर तज्ज्ञांकडून तपासणी लवकर करून घ्यावी. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं दोन-तीन वर्षं घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. ती वर्षं परत मिळत नाहीत.

त्याहीआधी अगदी साध्या गोष्टी. डोळे तपासले का? फळ्यावरचं अंधूक दिसणारं मूल तसं सांगत नाही, कारण सगळ्यांनाच तसं दिसतं असं त्याला वाटतं. कान तपासले का? कानाच्या पडद्यामागे पाणी साचून महिनोन्महिने कमी ऐकू येणारी लहान मुलं असतात, आणि ‘लक्ष देत नाही’ हा शिक्का त्यांच्यावर बसतो. झोप पुरते का? वर्गात कुणी छळतंय का? घरात काही बिनसलंय का? आणि मूल वर्गात वयानं सर्वांत लहान आहे का? सहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा फार मोठा हिस्सा झाला. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना अतिचंचल ठरवलं जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. नुसत्या कोवळ्या वयाला आपण दोष म्हणून बसतो.

शिक्का म्हटलं की मराठीतलं एक अक्षर आठवतं. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ तेवढा बदलला नाही, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्ती खरी असो-नसो, तिच्यात आपली समजूत नेमकी उतरली आहे. हा बदलणार नाही, हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. ज्या बुद्धिमापन चाचण्यांच्या जोरावर पुढं जगभर मुलांना कायमचे शिक्के बसले, त्या चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने याला हे अजिबात मान्य नव्हतं. शाळेत ज्यांना जादा मदत हवी ती मुलं ओळखता यावीत म्हणून त्यानं १९०५ मध्ये पॅरिसात ती चाचणी तयार केली. बुद्धी ठरलेली असते आणि ती वाढवता येत नाही असं मानणाऱ्यांचा त्यानं १९०९ मध्ये कडक शब्दांत निषेध केला. मदतीसाठी केलेल्या मापाचा निकाल म्हणून वापर झाला. आपण परीक्षांचं आज नेमकं तेच करतो आहोत.

यावरून वादाच्या मुद्द्याकडे येतो. मागे पडलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवावं की पुढं ढकलावं, यावर लोक हिरिरीनं भांडतात. एक बाजू म्हणते, नापास केलं नाही तर धाक राहत नाही. दुसरी म्हणते, नापास केलं तर मूल खचतं आणि शाळा सोडतं. मला या भांडणात दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे पाठ फिरवून उभ्या दिसतात. त्याच वर्गात ठेवलं, तर जून महिन्यात त्याच पुस्तकाचा तोच पहिला धडा त्याच पद्धतीनं सुरू होतो. मूल अडलंय दोन इयत्ता मागे, आणि तिथवर तर कुणी जातच नाही. पुढं ढकललं, तर अडलेली जागा आणखी एक वर्ष मागे पडते. मुलाची इयत्ता ठरवण्यात आपली सगळी शक्ती जाते. त्याला दिवसातला एक तास त्याच्या पातळीवर कोण शिकवणार, हा प्रश्न तसाच राहतो. माझं मत विचाराल तर मूल आपल्या वयाच्या मुलांबरोबर पुढं जावं, आणि त्या जाण्याबरोबर हा एक तास त्याचा हक्क म्हणून यावा. तास नसेल तर नुसतं पुढं ढकलणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे, हे नापास करा म्हणणाऱ्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे.

असा तास देता येतो याचा पुरावा आहे. ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन, पंधरा-वीसच्या गटात, पायाभूत वाचन आणि गणित शिकवलं. शिकवणाऱ्या बहुतेक त्याच वस्तीतल्या तरुण मुली होत्या, मोठमोठ्या पदव्या असलेल्या नव्हत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचं काटेकोर मूल्यमापन केलं आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वांत जास्त मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी : कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला. म्हणजे हा एकदाच द्यायचा डोस नव्हे. वर्ष-दीड वर्ष हात धरून मग सोडून दिलं तर मूल पुन्हा घसरतं. पुढं इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची ही रीत इतर देशांतही गेली.

यावर शिक्षक एक आक्षेप घेतात, आणि तो मी गांभीर्यानं घेतो. पातळीनुसार गट केले की ‘कच्च्यांचा गट’ तयार होतो. मुलांना ते दुसऱ्याच दिवशी कळतं. खरं आहे. गट वर्षभर तेच राहिले, दिवसभर तेच राहिले, तर तो शिक्क्याचाच दुसरा प्रकार झाला. म्हणून गट एका तासापुरते, एका विषयापुरते असावेत आणि काही आठवड्यांनी नव्यानं पाडावेत. वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढच्या गटात असू शकतं, आणि ते तसं असल्याचं सगळ्यांना दिसलं पाहिजे. शाळेतल्या सगळ्या इयत्तांनी हा तास एकाच वेळी ठेवला तर पाचवीतलं मूल कुठं जातंय याकडे बोट दाखवायला कुणी रिकामं उरत नाही. सगळेच कुठं ना कुठं जात असतात. शिक्षकांना वेळ नाही ही तक्रारही रास्त आहे. पण तो वेळ शोधणं ही मुख्याध्यापकांची आणि शिक्षण खात्यांची जबाबदारी आहे. चाळीस मुलांना एकटीनं सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या अंगावर ती टाकून आपण मोकळं होऊ नये.

घराचं काम वेगळं आहे, आणि मला वाटतं ते आपण समजतो त्याहून कमी आहे. आई-बाबांनी दुसरी शाळा चालवायची नाही. रात्री दहाला दमलेलं मूल, त्याहून दमलेले बाबा, आणि मध्ये उघडी वही : या प्रसंगातून मी स्वतः वडील म्हणून गेलो आहे. मी एकदा मुलीवर ओरडलो, “किती वेळा सांगायचं?” ती रडली नाही. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, मला नाही येत ते.” त्या शांतपणानं मला हलवून सोडलं. ती माझ्यावर रुसली नव्हती. तिनं स्वतःबद्दल निकाल देऊन टाकला होता. तो निकाल मूल एकदा देऊन बसलं की गणित शिकवणं सोपं राहत नाही, आधी तो निकाल फिरवावा लागतो. आणि ‘तू हुशार आहेस’ या शब्दांनी तो फिरत नाही. काल न आलेलं एखादं छोटं काम आज त्याच्या हातून झालं, आणि ते झाल्याचं त्यानं स्वतः पाहिलं, तरच फिरतो.

म्हणून घरी वीस मिनिटं पुरेत, पण रोज. धडा दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून ‘आता मला सांग’ म्हणावं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी स्वतःहून आठवायचा प्रयत्न केला होता ते पुढं गेले. वाचन अडलेलं असेल तर एक ओळ आपण, एक ओळ त्यानं, असं आवडीच्या गोष्टीचं पुस्तक वाचावं. आणि मूल चुकलं की लगेच दुरुस्त करू नये. ‘कसं केलंस, सांग’ म्हणून ऐकावं. हे सर्वांत अवघड आहे.

त्या वजाबाकीवाल्या मुलाचं पुढं काय झालं ते सांगतो. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या. सहा जुड्या आणि तीन सुट्या, यांतून अठ्ठावीस द्यायच्या होत्या. तीन सुट्या दिल्यावर तो थबकला, माझ्याकडे पाहिलं, आणि न विचारता एका जुडीचा रबर काढला. हातचा म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी कळलं. कागदावर उतरायला चार दिवस लागले. ४०२ ला मात्र दोन आठवडे गेले, कारण मध्ये शून्य आहे. सोडायला जुडीच नाही. आधी शंभराचा गठ्ठा फोडून दहा जुड्या करायच्या, मग त्यातली एक सोडायची. ही दोन टप्प्यांची उकल मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. त्यानं ती पुन्हा पुन्हा केली आणि एका दुपारी मला समजावून सांगितली.

पुढच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला : ‘सुधारणा आहे. अजून लक्ष द्यावे.’ कशात सुधारणा, कशाकडे लक्ष, काही नाही. शाळांकडे माझं एक मागणं आहे, त्याला पैसे लागत नाहीत. असे शेरे लिहिणं बंद करा. ‘सुट्या अंकांची वजाबाकी येते. हातचा घेताना अडतो. जुडी सोडण्याचा सराव हवा,’ एवढं लिहा. हे चार-पाच शब्दांऐवजी तीन वाक्यांचं काम आहे आणि त्यासाठी मुलाशेजारी पाच मिनिटं बसावं लागेल. पण पहिल्या वेळीच असा शेरा मिळाला असता, तर त्या आईला त्याच संध्याकाळी काड्या घेऊन बसता आलं असतं.